ट्रॅकवर गाडी चालवायची आहे? हेल्मेट आणि सेफ्टी गिअरबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ट्रॅक डे म्हणजे रेसिंगच्या ट्रॅकवर आपली स्वतःची गाडी चालवायचा दिवस. त्याची तारीख जाहीर झाली की पुढचा आठवडाभर माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर हेच प्रश्न येत राहतात. विचारणारी बहुतेक मंडळी पुणे, मुंबई, कोल्हापूरकडची. रोजची ऑफिसला न्यायची गाडी घेऊन चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेला पहिल्यांदाच निघालेली. एखादा थेट ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटचं बुकिंग करून मोकळा झालेला असतो. सकाळच्या तपासणीच्या टेबलापाशी मी बऱ्याचदा मदतीला असतो, त्यामुळे कोण काय घालून येतं आणि कुणाला परत पाठवावं लागतं हे जवळून पाहिलंय. इथे मुख्यतः चारचाकीबद्दल लिहिलंय, बाइक आणि कार्टिंगबद्दल शेवटी थोडं. आयोजकांची नियमावली यापेक्षा वेगळं सांगत असेल तर त्यांचं ऐका, गेट त्यांच्या ताब्यात असतं.

पहिलाच ट्रॅक डे आहे. काय काय विकत घेऊ?

हेल्मेट. बाकी सगळं पहिल्या खेपेला घरातून निघतं: पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, जाड जीन्स, सुती मोजे, पातळ आणि सपाट तळव्याचे बूट.

सुतीच का, तर पॉलिएस्टर आगीत वितळून कातडीला चिकटतं. जिममध्ये घालायचा तो घाम सुकवणारा चकचकीत टी-शर्ट नेमका पॉलिएस्टरचा असतो, आणि ट्रॅकवर निम्मे लोक तोच घालून येतात. सुती कापडही जळतं, पण वितळून अंगाला बसत नाही. आजीची जुनी शिकवण आठवा, दिवाळीत फटाके उडवताना टेरिकॉट नको. तोच नियम.

पुढे सवय लागली (ती लागतेच) की पैसे या क्रमाने घाला: आधी हातमोजे आणि बूट, मग आगरोधक सूट, आणि सगळ्यात शेवटी रोलकेज (गाडीच्या आत बसवायचा नळ्यांचा पिंजरा), रेसिंग सीट, हार्नेस (दोन्ही खांद्यांवरून येणारा रेसिंगचा पट्टा) आणि मान धरणारं हॅन्स, हे चारही एकत्र. या चौघांना सुटं सुटं का घेऊ नये ते खाली येईल.

घरात बाइकचं चांगलं आयएसआय हेल्मेट आहे. तेच चाललं तर?

पहिल्या दिवशी, बंद गाडीत, आयोजकांची हरकत नसेल तर चालेल. बरेच आयोजक नवख्यांना फुल-फेस आयएसआय हेल्मेटवर सोडतात. न मापाचं महागडं हेल्मेट उसनं आणण्यापेक्षा आपलं घट्ट बसणारं बाइकचं बरं.

पण ते दुसऱ्याच कामासाठी बनलंय हे ध्यानात असू द्या. भारतात दुचाकीच्या हेल्मेटला आयएस ४१५१ हे मानक लागू आहे आणि जून २०२१ पासून आयएसआय मार्काशिवाय ते विकता येत नाही. त्यात गृहीत धरलेला अपघात म्हणजे माणूस गाडीवरून उडून रस्त्यावर आपटतो. गाडीतला माणूस उडत नाही, बेल्टने जागेवर बांधलेला असतो आणि त्याचं डोकं त्याच एका खांबावर किंवा केजच्या नळीवर पुन्हा पुन्हा आदळू शकतं. शिवाय आग लागू शकते. म्हणून गाडीच्या हेल्मेटची चाचणी करताना केजच्या नळीसारख्या आकारावर ते आपटून बघतात, ज्वाळेत धरून तपासतात, आणि हॅन्सच्या पट्ट्या लावायला शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, कारखान्यातूनच धातूचे आटे बसवलेले असतात. बाइकच्या हेल्मेटमध्ये यातलं काहीच नसतं. त्याची काच मात्र जास्त रुंद असते, कारण रस्त्यावर आजूबाजूचं दिसावं लागतं.

एसए, एम, के, एफआयए… स्टिकरवरच्या या अक्षरांचा अर्थ काय?

१९५६ साली विल्यम ‘पीट’ स्नेल हा अमेरिकन हौशी रेसर डोक्याला मार लागून गेला. डोक्यावर हेल्मेट होतं, पण त्या काळचं, नावापुरतं. पुढच्याच वर्षी त्याच्या ओळखीतल्या लोकांनी मिळून स्नेल फाउंडेशन काढलं आणि हेल्मेट फोडून बघायला सुरुवात केली. आजचं स्नेलचं स्टिकर तिथून आलं. त्यात एसए म्हणजे मोटर रेसिंगसाठी, एम म्हणजे मोटरसायकलसाठी, के म्हणजे कार्टिंगसाठी. के हेल्मेटला आगीची चाचणी नसते, म्हणून गाडीत ते कमी पडतं. अक्षरांपुढचा आकडा हे मानकाचं वर्ष.

एफआयए ही मोटरस्पोर्टची जागतिक संघटना, तिची मानकं वेगळी. ८८५९ हे बहुतेकांच्या आवाक्यातलं. ८८६०-२०१८ हे वरच्या दर्जाचं, फॉर्म्युला वनवाले वापरतात ते. २००९ च्या हंगेरियन ग्रांप्रीच्या पात्रता फेरीत पुढच्या गाडीतून निसटलेली स्प्रिंग फेलिपे मासाच्या हेल्मेटवर डोळ्याच्या वर येऊन आदळली. त्यानंतर कपाळाच्या बाजूला जास्तीचं कवच देण्याचं काम सुरू झालं, तेच पुढे या मानकात आलं. ट्रॅक डेला तेवढी गरज नाही, आणि किंमत ऐकलीत तर तुम्हीच नको म्हणाल.

डॉट आणि ईसीई ही दोन्ही रस्त्यावरच्या दुचाकीची मानकं आहेत, अनुक्रमे अमेरिकेची आणि युरोपची. परवानाधारक शर्यतीत उतरणार असाल तर देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना असलेल्या एफएमएससीआयच्या त्या वर्षीच्या नियमांत कोणती मानकं मान्य आहेत ते बघूनच खरेदी करा.

एसए २०२० स्वस्तात मिळतंय. घेऊ की एसए २०२५ साठी थांबू?

स्नेल दर पाच वर्षांनी मानक बदलतं. आयोजक साधारणपणे चालू आणि त्याच्या आधीचं, अशी दोन धरतात. त्यामुळे २०२० अजून काही वर्षं चालेल, आणि दुकानदार जुना माल काढत असताना चांगली सवलत मिळते. सवलत मोठी असेल तर घ्या. दोन-तीन हजारांचाच फरक असेल तर २०२५ घ्या. एसए २०१५ मात्र आता कुणी फुकट दिलं तरी नको. घोड्यासाठी नाल घ्यावी, नालेसाठी घोडा नाही.

माप कसं घ्यायचं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि सगळ्यात कमी विचारला जातो. लोक आधी रंग विचारतात.

आईच्या शिवणाच्या डब्यातली कापडी टेप घ्या. भुवयांच्या वर दोन बोटं सोडून, कानांच्या वरून, मागे डोकं जिथे सगळ्यात फुगीर आहे तिथून टेप फिरवा. तीनदा मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून पट्टीवर मोजली तरी चालते. मग त्या कंपनीचा तक्ता बघा. त्या कंपनीचाच, कारण एकीचं ‘एम’ म्हणजे दुसरीचं ‘एस’ असू शकतं.

आकडा जुळला म्हणजे हेल्मेट बसलं असं होत नाही. डोक्याला आकारही असतो. कुणाचं वरून बघितलं तर वाटोळं, कुणाचं पुढून मागे लांबट. लांबट डोक्यावर वाटोळं हेल्मेट चढवलं की कानांच्या वर सैल राहतं आणि कपाळ दाबलं जातं. उलट केलं तर कानशिलं आवळतात. माझं स्वतःचं पहिलं हेल्मेट असंच होतं. माप बरोबर, आकार चुकीचा. दुसऱ्या सेशननंतर पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत, काढलं तेव्हा कपाळाच्या मधोमध रुपयाएवढा लाल गोल उठला होता. बायकोला वाटलं मी देवळात जाऊन आलो.

दुकानात हे करून बघा. हेल्मेट घालताना थोडी झटापट झाली पाहिजे. घातल्यावर गाल पुढे ढकलले जाऊन तुमचं तोंड फुगलेल्या पुरीसारखं दिसलं पाहिजे. कपाळ आणि गादीच्या मधे करंगळी सहज जात असेल तर मोठं आहे. हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवा. कपाळाची कातडी सोबत सरकली पाहिजे, हेल्मेट कातडीवरून घसरता कामा नये. मग हनुवटीचा पट्टा आवळा आणि कुणाला तरी मागची खालची कड धरून हेल्मेट पुढच्या बाजूला उपसायला सांगा. निघालं तर ते तुमचं नाही, मग कितीही आवडलेलं असो.

आणि तसंच डोक्यात घालून वीस मिनिटं बसा. दुकानदार बघेल, बघू दे. चहा मागवा, काच वर करून प्या. एकाच ठिकाणी दुखायला लागलं तर ते पुढे वाढतच जातं. सगळीकडून सारखा दाब असेल तर तो काही दिवसांत आतली गादी बसली की थोडा कमी होतो.

दोन मापांच्या मधे अडकलोय. मोठं घेऊ ना?

नाही. लहान घ्या आणि गालांच्या गाद्या बदलून मिळतात का ते विचारा; बऱ्याच कंपन्या वेगवेगळ्या जाडीच्या देतात. गाल आवळत असतील तर गादी बदलता येते. कवटीवरच आवळत असेल तर मात्र इलाज नाही, दुसरं मॉडेल बघा. बालाक्लाव्हा, म्हणजे आतून घालायची पातळ टोपी, वापरणार असाल तर ती घालूनच माप बघा.

ऑनलाइन मागवलं तर चालेल?

आधी कुठेतरी तेच मॉडेल डोक्यात घालून बघितलं असेल तर चालेल. गाडीची हेल्मेट ठेवणारी दुकानं आपल्याकडे बोटांवर मोजण्याएवढी. म्हणून ट्रॅकवर गेलात की ओळखीपाळखीत विचारा. बेल, आराई, स्टिलो, स्पार्को, ओएमपी, सिम्पसन सगळं पिटमध्ये कुणाच्या ना कुणाच्या टेबलावर पडलेलं असतं आणि सहसा कुणी घालून बघायला नाही म्हणत नाही.

नकली मालापासून मात्र जपा. मी एकदा एका ऑनलाइन दुकानातून ‘स्नेल प्रमाणित कार्बन’ हेल्मेट अर्ध्या किमतीत मागवलं होतं. खोक्यातून काढलं तर मागच्या बाजूला बाहेरून स्नेलचं गोंडस स्टिकर चिकटवलेलं. खरं स्टिकर आत असतं, अस्तराची गादी उचलली की दिसतं, आणि त्यावर अनुक्रमांक असतो. कार्बन फायबरची वीणसुद्धा छापील निघाली, नखाने कोपरा सोलता आला. परत पाठवण्यात दीड महिना गेला, तो धडा वेगळाच.

आयएसआय हेल्मेटवर मार्काबरोबर सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या सरकारी अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. स्नेल आणि एफआयए आपापल्या मान्य मॉडेल्सच्या याद्या खुल्या ठेवतात. पाच मिनिटांचं काम आहे.

किती खर्च येईल?

सुरुवातीचं एसए हेल्मेट अमेरिकेत साधारण अडीचशे-तीनशे डॉलरपासून मिळतं. आपल्याकडे कस्टम ड्यूटी, जीएसटी, कुरिअर धरून हातात पडेपर्यंत तीसेक हजारांच्या वर जातं. हॅन्सचंही तसंच. परदेशात राहणारा भाऊ-बहीण असेल तर सुट्टीला येताना आणायला सांगतात लोक, पण हेल्मेट हातातल्या सामानात आणायला सांगा. चेक-इन बॅगेत टाकलेलं हेल्मेट पट्ट्यावरून कसं फेकलं जातं ते तुम्ही विमानतळावर पाहिलं असेलच.

आणि कार्बनच्या मागे लागू नका. वजन थोडं कमी होतं, किंमत दुप्पट-तिप्पट होते. तेवढ्या पैशात टायरचा सेट आणि एक दिवस प्रशिक्षक येतो.

ओपन-फेस घेतलं तर गरम कमी होईल ना?

होईल. बंद गाडीत ओपन-फेसला परवानगीही असते, रॅलीवाले मजेत वापरतात. मी तरी फुल-फेसच सांगतो. गाडी फिरली, काच फुटली, स्टिअरिंगवर तोंड आपटलं तर जबड्यापुढे काहीतरी असावं. उघड्या कॉकपिटच्या गाडीत तर हा प्रश्नच येत नाही.

चष्मा आहे. कसं जमवू?

काचेची खिडकी जरा मोठी असलेलं मॉडेल बघा. चष्म्याच्या काड्या सरळ आणि पातळ हव्यात, कानामागे गोल वळलेल्या आत जात नाहीत. आधी हेल्मेट, मग चष्मा. सोबत जुन्या नंबरचा का होईना, जादा चष्मा ठेवा.

हॅन्स म्हणजे नेमकं काय, आणि मला लागेल का?

समजा हेल्मेटसकट डोक्याचं वजन सहा किलो आहे. गाडी भिंतीला आपटून क्षणभर ३० जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तीसपट, झटका बसला तर ते डोकं १८० किलोच्या जोराने पुढे ओढलं जातं. छाती बेल्टने धरलेली असते, डोक्याला धरणारं कुणी नसतं. सगळा ताण मानेवर आणि कवटीच्या तळावर येतो. कवटीचा तळ तडकून रेसर मरायचे ते असे. बाहेरून अंगावर ओरखडासुद्धा नसायचा.

मिशिगन स्टेट विद्यापीठातले बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, रेसर जिम डाउनिंग, यांनी १९८० च्या दशकात यावर उपाय काढला. त्यांचा एक मित्र १९८१ मध्ये असाच गेला होता. खांद्यांवर बसणारं जू, बेल्टखाली दाबून धरलेलं, आणि त्यापासून हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना जाणाऱ्या छोट्या पट्ट्या. शेतातल्या बैलाच्या मानेवरचं जू डोळ्यांसमोर आणा, आकार साधारण कळेल. झटका बसला की ओढ मानेऐवजी जुवावर आणि तिथून बेल्टवर जाते. वर्षानुवर्षं रेसर ‘अडचण होते’ म्हणून ते घालायला तयार नव्हते. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या लॅपमध्ये नॅस्कर या अमेरिकन शर्यतमालिकेतला नामवंत रेसर डेल अर्नहार्ट गेला आणि चित्र पालटलं. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात नॅस्करने डोकं-मान धरणारं साधन सक्तीचं केलं, फॉर्म्युला वनने २००३ पासून. पुण्याने हेल्मेटसक्तीला जेवढा विरोध केला त्यापेक्षा फार वेगळं तिथेही नव्हतं म्हणायचं.

आता तुम्हाला लागेल का? जू खांद्यांवर धरून ठेवायला दोन्ही खांद्यांवरून येणारे हार्नेसचे पट्टे लागतात. कंपनीच्या तीन-बिंदू बेल्टमध्ये पट्टा एकाच खांद्यावरून जातो, तिथे नेहमीचं हॅन्स काम करत नाही. म्हणून रोजच्या गाडीत, कंपनीच्या बेल्टवर: नाही. हार्नेस असलेल्या गाडीत: त्याशिवाय पिटमधून निघू नका. घेताना कोन बघून घ्या. सलून गाडीत सरळ बसतो त्यासाठी २० अंशांचं, फॉर्म्युला गाडीत रेलून बसतो त्यासाठी ३० अंशांचं. हेल्मेटला आटे नसतील तर घरी ड्रिल मारून बटणं बसवायची नाहीत. कवच तिथेच कमकुवत होतं.

मग माझ्या गाडीत फक्त चार पट्ट्यांचा हार्नेस बसवतो. काय बिघडलं?

बरंच. हा प्रश्न मला दर महिन्याला येतो आणि दर वेळी विचारणाऱ्याने हार्नेस आधीच विकत घेतलेला असतो.

गाडी उलटली आणि छत दबलं तर तीन-बिंदू बेल्टमध्ये धड एका बाजूला कलतं. हार्नेसमध्ये तुम्ही खांबासारखे ताठ बांधलेले असता आणि वर केज नसतं. दुसरं, चार पट्ट्यांत मांड्यांच्या मधला पट्टा नसतो. समोरून धडक बसली की खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर पोटावर ओढतात आणि माणूस त्याखालून पुढे घसरतो. मार हाडांऐवजी आतड्यांना बसतो. तिसरं, कंपनीच्या सीटला पट्टे ओवायला भोकं नसतात. आणि चौथं, लोक खांद्याचे पट्टे मागच्या सीटच्या बेल्टच्या बोल्टला जमिनीपर्यंत खाली नेतात. धडकेत ते कण्याला वरून खाली दाबतात. पट्टे खांद्यांपासून जवळपास सपाट मागे गेले पाहिजेत, त्यासाठी मागे केजची आडवी नळी लागते.

म्हणून केज, सीट, सहा-बिंदू हार्नेस, हॅन्स हे सगळं एकत्र करा किंवा यातलं काहीच करू नका. कंपनीची सीट, कंपनीचा बेल्ट आणि एअरबॅग हा अभियंत्यांनी एकत्र जुळवलेला संच आहे, तो अर्धा मोडू नका. केज बसवलेली गाडी रोज रस्त्यावर हेल्मेटशिवाय चालवणंही धोक्याचं, कारण ती नळी तुमच्या उघड्या डोक्यापासून वीतभर अंतरावर असते.

हार्नेसवर वापराची शेवटची तारीख छापलेली असते, सेकंड-हँड घेताना ती बघा. एकदा जोरदार अपघात झेललेला हार्नेस बाद.

सूट कधी घेऊ? चेन्नईच्या उकाड्यात तो घालून जीव जाईल.

उकाडा खरा आहे. सकाळी दहा वाजता पिट लेनचं डांबर बुटातून जाणवतं. पण सूट कशासाठी असतो ते २९ नोव्हेंबर २०२० ला बहरीनमध्ये जगाने पाहिलं. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत रोमँ ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसली, ६७ जीचा झटका, गाडीचे दोन तुकडे आणि आगीचा लोळ. तो २७ सेकंदांनी स्वतःच्या पायांनी बाहेर आला. भाजले ते मुख्यतः हात.

अमेरिकन एसएफआय मानकात सूटवर ३.२ए च्या पुढे एक आकडा असतो. तिरक्या रेघेपुढे १ असेल तर दुसऱ्या दर्जाचं भाजायला साधारण ३ सेकंद मिळतात, ५ असेल तर १०, आणि १५ असेल तर ३०. एकेरी कापडाचा स्वस्त सूट म्हणजे तीन सेकंद. सीटबेल्ट सोडून दार उघडायला तुम्हाला किती वेळ लागतो ते घरी घड्याळ लावून बघा. एफआयएचं मानक म्हणजे ८८५६-२०००, आणि नवीन ८८५६-२०१८.

कापड बहुधा नोमेक्स या आगरोधक धाग्याचं असतं. सूट किंचित सैल घ्या, कारण मधली हवाच खरं उष्णतेपासून वाचवते. आत नोमेक्सचे अंतर्वस्त्र घातले तर आणखी काही सेकंद मिळतात. स्टिअरिंग धरलंय अशा बेताने दुकानात खुर्चीवर बसून बघा. उभं राहून बरोबर वाटणारा सूट बसल्यावर मांडीत आवळतो आणि मनगट उघडं पडतं. सेशन संपलं की वरचा अर्धा भाग कमरेला बांधा, पाणी प्या, मीठ-साखर-लिंबू घ्या. उन्हाने डोकं गरगरायला लागलं की ब्रेकिंग पॉइंट चुकतो.

हातमोजे आणि बुटांबद्दल काही?

हातमोजे आगरोधक घ्या. भोकाभोकांचे चामडी ड्रायव्हिंग ग्लव्हज फोटोपुरते छान. शिवण बाहेरच्या बाजूला असेल तर बोटाला टोचत नाही. बुटांचा तळवा इतका पातळ हवा की ब्रेक कुठे चावतो ते अंगठ्याला कळलं पाहिजे. मॉर्निंग वॉकचे जाड, रुंद बूट घालून आलेल्या एकाचा पाय ब्रेकवर ठेवताना ॲक्सिलरेटरलाही लागत होता. तपासणीत लक्षात आलं म्हणून बरं. शेवटी त्याने मित्राचे शाळेत घालतात तसले कॅनव्हासचे बूट घातले आणि दिवसभर मजेत फिरला.

हेल्मेटवर कॅमेरा लावू?

नको. बऱ्याच ठिकाणी मनाईच आहे. धडकेत तो कठीण ठोकळा कवचावर नको तिथे दाब देतो. गाडीच्या आत नीट स्क्रूने बसवा.

हेल्मेट हातातून पडलं. बाद झालं का?

रिकामं हेल्मेट कमरेच्या उंचीवरून फरशीवर पडलं तर बहुतेक वेळा रंगाचा टवकाच उडतो. मार सोसतो तो आतला थर्माकोलसारखा थर. तो एकदाच दबतो, परत फुगत नाही, आणि रिकाम्या हेल्मेटमध्ये त्याला दाबायला आतून डोकं नसतं. तरी शेलला तडा दिसला, आतला थर कुठे दबलेला लागला किंवा शंका आली तर बदला. डोकं आत असताना आपटलं असेल तर काही न बघता बाद. तसंही नेहमीच्या वापरात पाचेक वर्षांनी बदलायचं.

निगा कशी राखायची?

लहान बाळाचा शॅम्पू आणि कोमट पाणी. पेट्रोल, थिनर, रॉकेल अजिबात नाही. आतला थर विरघळतो आणि बाहेरून काही कळतही नाही. सावलीत वाळवा. पेट्रोलच्या कॅनशेजारी डिक्कीत ठेवू नका. मुंबई-कोकणात पावसाळ्याचे चार महिने बंद पिशवीत ठेवलेल्या हेल्मेटला बुरशी धरते. गाद्या काढून वेगळ्या ठेवा. रंगवायचं असेल तर हेल्मेट रंगवणाऱ्याकडेच द्या, गाडीच्या गॅरेजमध्ये नको.

लांब केस, दागिने, गंडेदोरे?

सगळं काढा. अंगठी, कडं, गळ्यातली चेन, मंगळसूत्र. धातू तापतो आणि सुजलेल्या बोटातली अंगठी दवाखान्यात कापावी लागते. केसांची सैल वेणी मानेपाशी खाली, बालाक्लाव्हाच्या आत. क्लिपा आणि पिना नकोत, हेल्मेटखाली त्या टाळूत रुततात. कार्टिंगला तर याबाबतीत कसलीही सवलत नाही. भारतात कार्टच्या चाकात केस अडकून मृत्यू झालेले आहेत.

गाडीत काय ठेवू, काय काढू?

सुटं ते सगळं काढा: बाटल्या, चार्जर, पायाखालच्या चटया, डिक्कीतला जॅक. डॅशबोर्डवरचा बाप्पासुद्धा. दुतर्फा टेपवर बसलेली पितळी मूर्ती उन्हात टेप सैल झाला की पहिल्याच जोरदार ब्रेकला सुटते. नमस्कार करा आणि पिटमध्ये टेबलावर बसवा, तिथून तो सगळ्यांवरच लक्ष ठेवतो. अग्निशामक ठेवणार असाल तर दोन किलोचा, धातूच्या पट्ट्याने बोल्ट करून. सीटखाली सुटा टाकलेला सिलिंडर म्हणजे नवीन संकट.

बाइक घेऊन जातोय. यातलं काय लागू?

थोडंच. बाइकला आग नाही, घसरण मारते. ईसीई २२.०६ चं फुल-फेस हेल्मेट, एकसंध चामडी सूट किंवा कमरेला पूर्ण चेनने जोडला जाणारा दोन तुकड्यांचा, मनगट झाकणारे हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट, पाठीला लेव्हल २ चं संरक्षक. जाळीचं टूरिंग जॅकेट ट्रॅकवर चालत नाही. एअरबॅग वेस्ट परवडत असेल तर घ्या.

मुलीला कार्टिंग शिकवायचंय. मोठ्यांचंच हेल्मेट लहान मापात घेऊ?

नको. मुलांची मान नाजूक असते, तिला वजन सोसत नाही. मुलांसाठी स्नेल आणि एफआयएचं मिळून सीएमआर हे वेगळं मानक आहे, ती हेल्मेट हलकी असतात. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून एक माप मोठं घेणं गणवेशापुरतं ठीक. कार्टिंगचा सूट घासण्यापासून वाचवतो, आगीपासून नाही, म्हणून तो पुढे गाडीत वापरता येत नाही. फासळ्यांचं संरक्षक आधी घ्या, कार्टच्या सीटची कड बरगडीला फार लागते. कोल्हापूरजवळच्या मोहिते ट्रॅकवर एक दिवस भाड्याच्या सामानावर काढू द्या आणि तिला आवडतंय का बघा, मग खर्च करा.

जुन्या हेल्मेटचं काय करू? वॉचमनला देऊन टाकलं तर?

तेवढं करू नका. तुमच्यासाठी बाद ते त्याच्यासाठीही बाद, आणि तो ते घालून हायवेवर जाणार. भंगारात तसंच टाकलं तरी कुणीतरी पुसून पुन्हा विकतं. कात्रीने हनुवटीचा पट्टा दोन्ही बाजूंनी मुळाशी कापा, आतला थर उपसून काढा, शेलवर जाड मार्करने ‘बाद’ लिहा आणि मग टाका. माझं ते लाल गोलवालं पहिलं हेल्मेट पट्टा कापून गॅलरीत टांगलंय, त्यात सध्या मनीप्लांट आहे.